पुण्याहून बडोद्याला बिऱ्हाड हलवताना: घर कुठे, पाणी कसं, कागद कोणते?

मुग्धा_पुणे
नमस्कार. जूनच्या आत बिऱ्हाड बडोद्याला हलवायचं आहे. नोकरी मंजुसर जीआयडीसीत (औद्योगिक वसाहत), म्हणजे सावली रोडला. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई (गुडघ्यांमुळे जिने नकोत), मुलगी नववीत जाणार, मुलगा तिसरीत. दोघंही सीबीएसईला. एक कार, एक स्कूटर, दोन्ही एमएच १२. मुक्काम किमान पाच वर्षं. भाड्याने २ बीएचके हवाय. जाहिरातींत तळमजल्याची टेनामेंट (बैठी घरं) स्वस्त आणि ऐसपैस दिसतायत. "शहर छान आहे" हे सगळेच सांगतात. घर बघताना नेमकं काय तपासायचं आणि कागदांचा क्रम कसा लावायचा, हे तिथल्या लोकांकडून हवंय.

काळाघोडा_चौक
मुग्धाताई, बडोद्यात घर बघताना भाडं आणि ऑफिसचं अंतर नंतर बघा. आधी विचारायचं, "विश्वामित्रीचं पाणी इथे किती फुटाला येतं?" जुन्या सोसायट्यांमध्ये लोक असंच सांगतात: सव्वीसला रस्त्यावर, तिसाला पार्किंगमध्ये, बत्तीसला ओट्यावर. हे फूट काळाघोडा पुलावरच्या पातळीचे. धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस झाला होता. घरमालकाला ही दोन वर्षं नाव घेऊन विचारायची. "पाणी येतं का?" असं मोघम विचारलं की उत्तर कायम "नाही" असतं.

नदी पावागढच्या बाजूने येते आणि शहराच्या मधून वळणं घेत जाते: समा, कारेलीबागची मंगल पांडे रोडची बाजू, फतेगंजची मागची बाजू, कामाटीबाग, परशुराम भठ्ठा, अकोटा, मुजमहुडा, वडसर. या पट्ट्यात तळमजला घेऊ नका. २०२५ च्या उन्हाळ्यात गाळ काढायचं आणि पात्र रुंद करायचं मोठं काम झालं. त्याने फरक पडेलही, पण त्याच्या भरवशावर सासूबाईंना तळमजल्यावर ठेवू नये.

दुसरी गोष्ट बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि तरी पाणी चढत राहतं. कारण आजवा आणि प्रतापपुरा सरोवरांच्या वरच्या भागात पडलेलं पाणी शहरात उशिरा पोचतं. आजव्याची पातळी २११ फुटांच्या पुढे गेली आणि ६२ दरवाजांतून विसर्ग सुरू झाला की काळाघोड्याचा आकडा दर तासाला बघायचा. पावसाळ्यात महानगरपालिका हे आकडे देत असते. आभाळाकडे बघून निर्णय घेतला तर गाडी पार्किंगमध्येच अडकते.

न्यूसमा_३
वरच्याला पूर्ण अनुमोदन. एक भर: फक्त नदी बघून भागत नाही, कांस (पावसाचं पाणी नदीत नेणारे नाले) पण बघा. निझामपुरा-समा बाजूला भूखी कांस आहे, वाघोडिया रोड-तरसाली बाजूला रुपारेल. नदी भरली की कांसचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं मागे फुगतं. त्यामुळे नदीपासून लांब असलेली सोसायटीसुद्धा भरते.

घर बघायला जाल तेव्हा ब्रोकर हॉल आणि किचन दाखवतो. तुम्ही आधी कंपाउंडची भिंत बघा. रंग नवा असला तरी पुराच्या रेषेखालचं प्लास्टर फुगलेलं आणि लोणा लागलेलं दिसतं. मग मीटर पॅनल जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. हल्लीच वर सरकवलेलं असेल तर जुन्या जागी भिंतीत भोकं आणि केबलचा जोड दिसतो, म्हणजे तिथवर पाणी आलं होतं. लिफ्टच्या खड्ड्यात टॉर्च मारा. लाकडी चौकटीचा खालचा वीतभर भाग दाबून बघा. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, त्याला सगळी गल्ली पाठ असते.

अलकापुरी_ते_अकोटा
थोडं वेगळं मत. नदीकाठचा सगळाच भाग बाद करायची गरज नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर लिफ्टवाला फ्लॅट असेल तर अकोट्यासारखा मध्यवर्ती भाग उत्तम आहे. स्टेशन, दवाखाने, बाजार सगळं जवळ.

काळाघोडा_चौक
घरात पाणी शिरणार नाही हे खरं, पण घरात वयस्कर माणूस आहे. मीटर पॅनल आणि पाण्याची मोटर तळाला असेल तर पुरात सुरक्षेसाठी वीज बंद ठेवावी लागते. वीज नाही म्हणजे लिफ्ट नाही आणि वरच्या टाकीत पाणी नाही. पाणी ओसरल्यावरही पॅनल वाळून तपासून झाल्याशिवाय पुरवठा सुरू होत नाही. तेव्हा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे त्याइतकंच पॅनल, मोटर आणि जनरेटर किती उंचीवर आहेत हे महत्त्वाचं. ही तिन्ही ओट्यावर चढवलेली असतील तर अकोटासुद्धा चालेल.

जीआयडीसी_शिफ्ट
कामाच्या जागेवरून भाग निवडायचा साधा हिशोब: मंजुसर-सावलीला न्यू समा, हरणी, न्यू व्हीआयपी रोड. हालोलला हरणी किंवा आजवा रोड, गोल्डन चोकडीवरून सरळ निघता येतं. नंदेसरी, कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी (खत कारखाना) यांना छाणी, निझामपुरा, गोरवा. मकरपुऱ्याला मांजलपूर, तरसाली. पादऱ्याला अटलादरा, वासणा-भायली. शहर आडवं पार करावं लागेल असं घर घेऊ नका. नदी आणि रेल्वे लाइन दोन्ही मध्ये येतात, आणि अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा बोगदा) पहिल्या मोठ्या पावसात भरून बंद होतं.

तुमच्यासाठी न्यू समाचा उंच भाग किंवा हरणी. समामध्येच गल्लीगणिक फरक आहे, त्यामुळे वरची तपासणी सोडू नका.

दांडियाबाजार
मराठी वस्ती हवी म्हणून बरेच जण दांडियाबाजार, रावपुरा, शियाबाग, बाबाजीपुरा, प्रतापनगर शोधतात. भाजी, फराळाचं सामान, गणपती, किराणा, भटजी, सगळं हाकेच्या अंतरावर. पण जुने वाडे आणि पोळांमध्ये (जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांत) कार लावायला जागा नाही, जिने अरुंद आणि उभे. सासूबाईंसाठी योग्य नाही. नव्या भागांत मांजलपूरला मराठी घरं भरपूर आहेत, पण ते तुमच्या नोकरीच्या अगदी उलट टोकाला. हरणीत राहून सणावाराला शहरात येणं जास्त सोयीचं.

माही_फ्रेंचवेल
पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. महापालिकेचं पाणी मुख्यतः दोन ठिकाणांहून येतं: माही नदीतल्या फ्रेंच विहिरी (फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा) आणि आजवा. भागाप्रमाणे ठरलेल्या वेळी येतं, दिवसभर नाही. दाब कमी असतो, म्हणून प्रत्येक सोसायटीत जमिनीखाली टांकी आणि तिथून मोटरने वर. घर बघायला पाण्याच्या वेळेला जा. टांकीच्या इनलेटखाली बादली धरा आणि १५ लिटर भरायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागला तर पाच माणसांना टँकर लागणार, तो खर्च मेन्टेनन्समध्ये आहे का ते विचारा.

भायली, सेवासी, बिल हे भाग २०२० मध्ये महापालिकेत आले. तिथल्या कित्येक इमारती अजून बोअरवर आहेत. बोअरचं पाणी जड: गिझरची कॉइल पांढरी पडते, नळाच्या जाळ्या बुजतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो, तो खिशात ठेवा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत योग्य मानतं, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. माहीचं पाणी असेल तर आरओची गरज नाही, साधा यूव्ही फिल्टर पुरतो.

आणि टांकीचं झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच हवं. झाकण जमिनीलगत असेल तर गुडघाभर पाण्यातही गटाराचं पाणी टांकीत उतरतं. तसं झालं तर टांकी पूर्ण उपसून, घासून, धुऊन मगच भरायची. भरल्यावर दर १००० लिटरला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, ताजी, बंद डब्यातली. आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टांकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. गाळासकट ओतली तर पाइपात चुना बसतो.

मुग्धा_पुणे
खूप आभार सगळ्यांचे. टेनामेंटचा विचार सोडला. भाडेकराराचं आणि वीज-गॅसचं कोणी सांगेल का? आणि शाळेचं.

वेराबिल
करार ११ महिन्यांचा, स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून. त्याबरोबर मालकाकडून चालू वेराबिल (महापालिकेच्या घरपट्टीचं बिल) आणि लाइट बिलाची प्रत मागून घ्या. बँक, गॅस, शाळा आणि आरटीओ या चारही ठिकाणी ही जोडी उपयोगी पडते. वेराबिलावरचं नाव आणि करारातलं मालकाचं नाव जुळलं पाहिजे. बिल वडिलांच्या नावावर आणि करार मुलाने केलेला, हा घोळ नेहमीचा, आणि मग आधारचा पत्ता बदलताना अर्ज परत येतो. पोलिसांकडे भाडुआत (भाडेकरू) नोंदणी मालकाची जबाबदारी आहे, पण पोचपावतीची प्रत तुमच्याकडे ठेवा.

वीज एमजीव्हीसीएलची. बिल दोन महिन्यांनी येतं, म्हणून पहिला आकडा बघून दचकू नका. किल्ली घ्याल त्या दिवशी मीटरचा फोटो काढा, नंबर आणि रीडिंग दोन्ही दिसतील असा, आणि ते रीडिंग करारात लिहा. नाहीतर आधीच्या भाडेकरूची वापरलेली युनिटं तुमच्या पहिल्या बिलात येतात. दोन एसी लावणार असाल तर मंजूर लोड किती किलोवॅट आहे ते बिलावर बघा. कमी असेल तर लोडवाढीचा अर्ज मालकाच्या सहीने लागतो, तो करारावेळीच सही करून घ्या.

गॅस: शहरात बहुतेक ठिकाणी पाइपचा गॅस आहे. पाइप असेल तर पुण्याचा सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत द्या, टर्मिनेशन व्हाउचर आणि अनामत घ्या. पाइप नसेल तर तेच व्हाउचर दाखवून इथे नवं कनेक्शन मिळतं, अनामत मात्र आजच्या दराने. भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये घालू नका. शेगडी पाइपगॅसला तशीच चालत नाही, दाब वेगळा असल्यामुळे नोझल बदलावे लागतात. ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

शिक्षिका_कारेलीबाग
शाळेचं लवकर करा. सीबीएसईचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, जूनमध्ये जागा शोधायला निघालात तर उरलेल्या शाळांतून निवड करावी लागेल. मुलगी नववीच्या सुरुवातीलाच येतेय हे फार चांगलं. बोर्डाची नोंदणी नववीत होते. दहावीत शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी आणि बदलीचे पुरावे लागतात.

दाखला घेतला म्हणजे काम संपलं असं नाही. जुन्या शाळेने युडायस प्लसवर (शाळांच्या सरकारी पोर्टलवर) मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकलं पाहिजे, तरच नवी शाळा त्याचा पेन (कायमचा विद्यार्थी) क्रमांक आपल्याकडे ओढू शकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या शाळेत ऑपरेटर भेटत नाही आणि हे काम महिनोन्महिने लटकतं. दाखला हातात घ्याल त्याच दिवशी तिथे बसून करून घ्या. राज्य मंडळाचा दाखला असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. तुमचं सीबीएसई ते सीबीएसई आहे, नव्या शाळेला विचारून घ्या.

२०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती विषय सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीचा आहे. मुलाला तिसरीत तो असणार, मुलीला नाही. घाबरण्यासारखं काही नाही. शिरोरेघ काढली की अर्धी अक्षरं ओळखीची वाटतात. अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब, भ यांची वळणं मात्र वेगळी आहेत. मे महिन्यात रोज अर्धा तास तेवढीच गिरवून घ्या, आणि दुकानांच्या पाट्या वाचायला लावा. मुलं बोलायला सोसायटीत खेळताना शिकतात, अडतं ते लिहिण्यात, कारण ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार मराठीच्या सवयीने लिहिले जातात.

ज्यांना मराठी माध्यम हवंय त्यांच्यासाठी: नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या काही शाळा मराठी माध्यमाच्या आहेत, आणि पुढे म. स. विद्यापीठात मराठी विभाग आहे. मराठी घरांनी या शाळांकडे पाठ फिरवू नये असं मला मनापासून वाटतं.

जीजे०६
गाड्यांचं. पाच वर्षं राहणार म्हणजे नंबर बदलावाच लागेल, १२ महिन्यांच्या आत. क्रम असा:

१. पुण्यात असतानाच सगळे ई-चलान भरा, पीयूसी आणि विमा चालू ठेवा. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या.
२. परिवहनच्या साइटवर फॉर्म २८, म्हणजे एनओसीचा अर्ज. "कुठे" मध्ये जीजे ०६ बडोदा निवडा. चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप लागते, गाडी धुऊन घ्या, नाहीतर आकडे उठत नाहीत.
३. एनओसी सहा महिने चालते. म्हणून बडोद्याचा भाडेकरार हातात येण्याच्या बेतातच काढा.
४. दरजीपुऱ्याच्या आरटीओत फॉर्म २७ (नवा क्रमांक) आणि फॉर्म ३३ (पत्ता). गाडी दाखवायला न्यावी लागते. गुजरातचा कर गाडीच्या वयानुसार घटवून लागतो.
५. नवी आरसी आल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागा. अर्ज पुण्याच्या आरटीओकडे, नव्या आरसीच्या प्रतीसह. बरेच लोक हे पैसे सोडून देतात. सोडू नका, नव्या गाडीवर रक्कम मोठी असते.
६. एचएसआरपी पाटी, विम्यात नवा नंबर, आणि फास्टॅग. फास्टॅग जुन्या नंबरला बांधलेला असतो, बँकेला कळवून बदला, नाहीतर टोलवर अडेल.

विम्यात एक फायदा: पुणे 'ए' झोनमध्ये आहे, बडोदा 'बी'मध्ये. गाडीच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता थोडा उतरतो. वाचलेल्या पैशांत 'इंजिन प्रोटेक्ट' घ्या. पाण्यात उभी राहिलेली गाडी चावी मारून बघायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी त्याचे पैसे देत नाही. बॅटरीची वायर काढा आणि टो करा.

बिल्टी_आणि_बोजा
सामान. पुणे-बडोदा साधारण ५५० किमी, ट्रक वापी-सुरत-भरूच मार्गे येतो. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. "वाटेत ई-वे बिलाचे पैसे द्यावे लागतील" असं पॅकर्सवाला म्हणाला तर तो खोटं बोलतोय. बिल्टीवर (ट्रकवाल्याच्या मालपावतीवर) सामानाची यादी, नग, ठरलेली पूर्ण रक्कम आणि मजला लिहून घ्या. "एफओव्ही" (मालाच्या किमतीवरचा आकार) म्हणून घेतात तो विमा नसतो. विमा हवा असेल तर विमा कंपनीच्या नावाची पॉलिसी मागा. स्कूटरमधलं पेट्रोल काढून टाका. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच राहिली पाहिजे, आडवी झाली की ॲसिड गादीवर.

आणि महत्त्वाचं: गुजरातेत दारूबंदी आहे. शोकेसमधली भेट आलेली बाटली, स्वयंपाकाची वाइन, अर्धी उरलेली काहीही, खोक्यात राहू देऊ नका. पॅकिंग करणारी मुलं कपाट जसंच्या तसं भरतात. ते कपाट स्वतः रिकामं करा.

न्यूसमा_३
दोन राहिलेल्या गोष्टी. मोठ्या गरबा मैदानाला लागून घर घेऊ नका, नवरात्रात नऊ रात्री झोप नाही आणि गाडी बाहेर निघत नाही. आणि स्कूटरला डिसेंबरपासून पुढे सळीचा अर्धगोल लावून घ्या, उत्तरायणाच्या मांजासाठी. चौकाचौकात मिळतो. गळ्याला जाड रुमाल. १४ आणि १५ जानेवारीला मुलाला पुढे उभं करून गाडी चालवूच नका.

मुग्धा_पुणे
हरणीत एक फ्लॅट पाहिलाय, दुसरा मजला, लिफ्ट आहे. ब्रोकर म्हणतो २०२४ मध्ये पार्किंगमध्ये घोटाभर पाणी होतं, पण ते "गटाराचं, नदीचं नाही". घ्यावा का?

काळाघोडा_चौक
गटाराचं असेल तर उपाय आहे, म्हणून आधी खात्री करा. पाणी चेंबरच्या झाकणातून वर आलं की फाटकातून आत आलं, हे वॉचमनला विचारा. चेंबरमधून असेल तर कंपाउंडमधल्या शेवटच्या चेंबरनंतर ड्रेनेज लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. फ्लॅपची बिजागरी वरच्या बाजूला हवी, आणि तो वर्षातून दोनदा उघडून साफ करावा लागतो, कारण केस आणि प्लॅस्टिक अडकलं की फ्लॅप अर्धा उघडा राहतो आणि असून नसल्यासारखा होतो. सोसायटीने २०२४ नंतर तो बसवलाय का, ते कमिटीला विचारा.

फाटकातून आलं असेल तर ते कांसचं किंवा नदीचं. मग मीटर पॅनल आणि मोटरची उंची मोजून इथे लिहा, फुटात. सोसायटीचं नाव नको, जवळचा चौक सांगितला तरी पुरे.